शेवटच्या पानानंतर

मोठ्या लेखकांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या जन्मशताब्द्या साजऱ्या होतात, त्यांच्या नावाने पुरस्कार दिले जातात, त्यांच्या साहित्यावर प्रबंध लिहिले जातात. परंतु ज्यांची पुस्तके उशीखाली ठेवून वाचली गेली, पाने सुटी होईपर्यंत हातोहात फिरली आणि अखेर रद्दीवाल्याच्या तराजूत गेली, अशा लेखकांचा विचार सहसा कोणी करीत नाही. त्यांचे वाचक अगणित असतात. मात्र ते वाचकही चारचौघांत त्यांचे नाव घेत नाहीत. आज आम्ही अशाच एका लेखिकेविषयी लिहिणार आहोत. त्या आपल्या प्रांताच्या नव्हत आणि आपल्या भाषेच्याही नव्हत. त्या स्पेन देशाच्या. त्यांचे नाव कोरिन तेयादो.

प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईविषयी धर्मगुरूने का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्तच आहे. आमची पंचवीसएक वर्षे विवाह लावण्यात आणि मोडू पाहणारे विवाह सावरण्यात गेली. कोरिनबाईंचा सारा जन्म विवाहापर्यंतच्या कथा लिहिण्यात गेला. म्हणजे एका परीने त्यांचे आणि आमचे क्षेत्र एकच. त्यांची कादंबरी जेथे संपते, तेथून आमचे काम सुरू होते.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर अस्तुरियास नावाचा प्रांत आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कांताब्रियन समुद्र आणि मध्ये पावसाने हिरवीगार झालेली भूमी. त्या किनाऱ्यावर व्हियावेलेस हे मासेमारीचे लहानसे बंदर आहे. अर्नाळा, नायगाव, उत्तन येथील वाचकांना ते डोळ्यांसमोर आणण्यास कष्ट पडणार नाहीत. या गावी २५ एप्रिल १९२७ रोजी या लेखिकेचा जन्म झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचे नाव मारिया देल सोकोरो असे ठेवण्यात आले. 'सोकोरो' म्हणजे साहाय्य. निरंतर साहाय्य मातेच्या नोव्हेनाला जाणाऱ्या आपल्या मायभगिनींना हे नाव परके वाटू नये. घरात तिला लाडाने 'सोकोरिन' म्हणत. त्याचे पुढे 'कोरिन' झाले आणि त्याच घरगुती नावाने स्पॅनिश भाषा बोलणारे अर्धे जग तिला ओळखू लागले.

वडील व्यापारी जहाजावर यंत्रविभागात अधिकारी होते. जहाजावर नोकरी करणाऱ्या माणसांची घरे कशी असतात, हे आपल्या समाजाला सांगायला नको. घरातील माणूस समुद्रावर आणि घराचे डोळे पोस्टमनच्या वाटेकडे! १९३६ ते १९३९ या काळात स्पेनमध्ये यादवी युद्ध झाले. भावाने भावाला मारले. त्यानंतर हे कुटुंब दक्षिणेकडील कादिझ या बंदरात राहावयास गेले. तेथे वडिलांचे निधन झाले आणि घराचा आधार गेला. मुलगी कादंबऱ्यांची वेडी होती, लिहीतही होती. बार्सिलोना येथील ब्रुगेरा या प्रकाशनसंस्थेने तिची पहिली कादंबरी १२ ऑक्टोबर १९४६ रोजी प्रसिद्ध केली. स्पेनमध्ये तो दिवस पिलार मातेच्या सणाचा. कादंबरीचे नाव होते 'आत्रेविदा आपुएस्ता', म्हणजे 'धाडसी पैज'. लेखिकेचे वय होते एकोणीस वर्षे.

पैज खरोखरच धाडसाची ठरली. प्रकाशकाला दर आठवड्याला एक छोटी कादंबरी हवी असे. ती जेमतेम शंभरेक पानांची असावी, स्वस्त कागदावर छापलेली असावी, मुखपृष्ठावर देखणे जोडपे असावे आणि शेवट गोड व्हावा, असा तो करार. कोरिनबाईंनी तो आयुष्यभर निभावला. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या सुमारे ४००० सांगितली जाते. १९४६ ते २००९ ही ६३ वर्षे धरली, तर वर्षाला साठाहून अधिक, म्हणजे आठवड्याला एकापेक्षा जास्त कादंबरी, असा हिशेब पडतो. १९९४ साली गिनीज बुकाने स्पॅनिश भाषेतील सर्वाधिक खपाच्या लेखिका म्हणून त्यांची नोंद घेतली. तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या ४० कोटी प्रती विकल्या गेल्याचे सांगण्यात आले. आपल्याकडे अर्नाळ्याचे नाव मिरवणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, याचे आपणांस कौतुक वाटते. त्या चौपट लेखन या बाईंनी केले, आणि तेही राजधानीत न राहता. माद्रिदच्या साहित्यवर्तुळात त्या कधी रमल्या नाहीत. कादिझहून त्या अस्तुरियासला परतल्या आणि पुढे हिहोन या बंदराच्या शहरी स्थायिक झाल्या. प्रकाशक बार्सिलोनात, वाचक जगभर आणि लेखिका आपल्या समुद्राजवळ, अशी ती व्यवस्था होती.

ही पुस्तके वाचीत तरी कोण होते? मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या मुली, टंकलेखिका, कारखान्यात काम करणाऱ्या बाया आणि घरात जखडलेल्या गृहिणी. युद्धानंतरचा स्पेन भुकेला होता. १९५२ पर्यंत तेथे शिधावाटप चालू होते. नवे पुस्तक विकत घेण्याची ऐपत थोड्यांचीच. म्हणून रस्त्यावरच्या पुस्तकांच्या टपऱ्यांवर आणि छोट्या दुकानांत पुस्तके बदलून देण्याची पद्धत होती. वाचलेली कादंबरी परत द्यावी, वर थोडी नाणी ठेवावी आणि दुसरी घेऊन जावी. आपल्याकडे नाक्यावरच्या वाचनालयांत रोजच्या भाड्याने कादंबऱ्या मिळत, त्याचाच हा स्पॅनिश अवतार. एकेक प्रत किती घरांच्या फोडणीचा वास घेऊन येत असेल, कोण जाणे!

आणि त्या स्त्रियांचे कायद्यातील स्थान काय होते? जनरल फ्रँकोच्या राजवटीत विवाहित स्त्रीला नोकरी धरण्यासाठी, करार करण्यासाठी, बँकेत खाते उघडण्यासाठी पतीची परवानगी लागत असे. हा नियम १९७५ साली रद्द झाला. तोवर तिच्या कमाईवर तिच्यापेक्षा दुसऱ्याचाच शब्द चाले. अशा स्त्रीच्या हाती कोरिनबाईंची कादंबरी पडे. तीत नायिका स्वतः मोटार चालवीत असे, कचेरीत काम करीत असे, पुरुषाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत असे. शेवटी ती विवाहवेदीपाशीच पोचे, हे खरे. परंतु तेथवर ती आपल्या पायांनी चालत जाई. शंभर पानांत एवढे सुख काही थोडके नव्हे.

१९५१ साली क्युबातील 'व्हानिदादेस' या स्त्रियांच्या नियतकालिकाने त्यांच्याशी करार केला. समुद्रापलीकडील लॅटिन अमेरिकेत त्यांच्या कथा पोचल्या आणि त्या नियतकालिकाचा खप झपाट्याने वाढला. पुढे नामांकित कादंबरीकार झालेले गिल्येर्मो काब्रेरा इन्फान्ते तरुणपणी तेथे मुद्रितशोधनाचे काम करीत. कोरिनबाईंचे लेखन त्यांच्या डोळ्यांखालून जात असे. त्यांनी नंतर या बाईंविषयी लिहिताना निष्पापपणा आणि कामुकता ही दोन टोके एकाच विशेषणात बांधली. लोक हसले. परंतु त्या विनोदामागे स्पेनमधील सेन्सॉरची कहाणी आहे, आणि ती आम्हां धर्मगुरूंना टाळता येण्याजोगी नाही.

फ्रँकोच्या राज्यात प्रत्येक पुस्तक छापण्यापूर्वी तपासले जाई. तपासणाऱ्यांत धर्मगुरूही असत. चुंबन किती ओळींचे असावे, पदर किती ढळावा, पत्नीने पतीला सोडून जाण्याचा विचार मनात आणावा की नाही, या साऱ्यांवर लाल पेन्सिल फिरे. कोरिनबाईंनी पुढे सांगितले होते की एका महिन्यात त्यांच्या चार कादंबऱ्या नाकारल्या गेल्या. काही हस्तलिखिते इतकी खुणा होऊन परत येत की मूळ मजकूर शोधावा लागे. त्या सांगत की यामुळेच त्या सूचकतेने लिहावयास शिकल्या. जे उघड म्हणता येत नाही, ते वाचकाच्या मनावर सोपवावयाचे. म्हणजे पाप झाकावे म्हणून जे पडदे लावले, त्या पडद्यांनीच कल्पनेला अधिक चाळवले. मानवी मनाची ही रीत आमच्या नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांना ठाऊक होती; सरकारी परीक्षकांना मात्र ती उमगली नसावी.

स्पेनच्याच थोर लेखकाने हे चित्र तीनशे वर्षांपूर्वी रंगवून ठेवले होते. सेर्व्हांतेसची 'डॉन किहोते' ही कादंबरी १६०५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाचे डोके वीरकथा आणि प्रेमकथा वाचून फिरते. तेव्हा गावचा धर्मगुरू आणि न्हावी मिळून त्याच्या पुस्तकांची झडती घेतात आणि बहुतेक पुस्तके अंगणात होळीसाठी फेकतात. गंमत अशी की हा धर्मगुरू त्या पुस्तकांचा चांगलाच जाणकार निघतो. कोणते जाळावे आणि कोणते राखावे, हे तो झटकन सांगतो. त्यानेही ती सारी वाचली होती, हे उघड आहे! पुस्तके जळाली, परंतु नायकाचे वेड काही गेले नाही.

स्पेनमधील दोन महान संतांचीही येथे आठवण होते. आविलाच्या संत तेरेजा यांनी आत्मचरित्रात आपल्या बालपणाविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांच्या आईला वीरप्रेमाच्या कथा वाचण्याचा नाद होता. मुलीलाही तो लागला. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते, म्हणून त्यांच्या नजरेआड वाचन चाले. त्या वाचनाने आपल्या मनाची हानी झाली, असे संत तेरेजा स्पष्ट म्हणतात. परंतु आईविषयी त्यांचा सूर किती वेगळा आहे! आईच्या आयुष्यात फार दुःखे होती. त्यांचा विसर पडावा म्हणून ती वाचीत असावी, असे ही थोर कन्या लिहून जाते. आईने घरकामात कधी कसूर केली नाही, याचीही ती नोंद करते. चर्चच्या आचार्य म्हणून गौरवलेल्या या संत स्त्रीने आईच्या हातातील पुस्तकाचा निवाडा करण्याआधी आईच्या मनातील दुःख ओळखले. आम्ही धर्मगुरूंनी हे वाक्य वारंवार वाचावे, असे आम्हांला वाटते.

दुसरे संत इग्नेशियस लोयोला. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचण्यासाठी वीरप्रेमाच्या कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती देण्यात आली. तरीही हा सैनिक तासन्‌तास एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्ने रंगवीत पडून राही. मग त्यांच्या ध्यानात आले की ती स्वप्ने चालू असताना गोड वाटतात, परंतु संपल्यावर मन कोरडे पडते. संतांचे अनुकरण करण्याच्या विचारांनी मात्र नंतरही मन प्रसन्न राहते. एवढ्या साध्या निरीक्षणातून विवेकसाधनेची त्यांची पद्धत जन्मास आली. सेमिनरीत हा धडा आम्ही आध्यात्मिक विषय म्हणून शिकलो. आज आम्हांला तो वाचनाचाही धडा वाटतो. पुस्तक मिटल्यानंतर मनात काय उरते, हे पाहावे.

आता थोडे आपल्या वसईकडे वळू. घरे आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने धर्मगुरू घरोघर जातो, तेव्हा त्याला पुष्कळ दिसते. दर्शनी कपाटात पवित्र शास्त्र, संतांची चरित्रे आणि मुलांची पारितोषिके. आणि शिवणयंत्राच्या खणात, तांदळाच्या डब्यावर, देव्हाऱ्याखालच्या फळीवर एखादी मळकी कादंबरी. फादरांची नजर तिकडे जाताच घरची बाई ती लगबगीने पदराखाली घेते. अलीकडे कादंबरीची जागा दूरदर्शनच्या मालिकांनी आणि हातातील फोनने घेतली आहे. परंतु पदराखाली घेण्याची ती लगबग तशीच आहे. या लगबगीचे आम्हांला नेहमी वाईट वाटत आले. विरारहून सुटणाऱ्या गर्दीच्या गाडीत एका पायावर उभी राहून जी बाई वीस पाने वाचते, तिच्या दिवसातील तेवढीच वीस पाने तिची स्वतःची असतात.

काही वर्षांपूर्वी एक जोडपे आमच्याकडे आले होते. विवाहास चौदा वर्षे झालेली, दोन मुले. पतीची तक्रार अशी की पत्नीचे घरात लक्ष नाही, सदा त्या कादंबऱ्या आणि मालिका, त्यांतूनच तिच्या डोक्यात भलते भरले आहे. आम्ही त्या भगिनीस विचारले, "बाई, त्या पुस्तकांत असे काय आहे?" ती बराच वेळ खाली मान घालून बसली. मग हळूच म्हणाली, "फादर, त्यांच्यात नवरा बायकोला विचारतो, जेवलीस का म्हणून. बाकी सगळं खोटं असतं, ते मला कळतं."

त्या खोलीत कोणीच काही बोलले नाही. पतीने एकदा पत्नीकडे पाहिले आणि पुन्हा खिडकीबाहेर. तो वाईट माणूस नव्हता. पहाटे वाडीला पाणी सोडून मग कारखान्यात पाळी करणारा, दारूला न शिवणारा, मुलांच्या फीसाठी जीव टाकणारा गृहस्थ. परंतु चौदा वर्षांत हा प्रश्न विचारायचे त्याला सुचले नव्हते. त्याने आपल्या आईला कधी कोणी तो विचारल्याचे पाहिले नव्हते. आमची खात्री आहे की कोरिनबाईंच्या ४० कोटी प्रती राजवाड्यांच्या आणि मोटारींच्या आकर्षणाने खपलेल्या नाहीत. पुष्कळ घरांत तो लहानसा प्रश्न विचारला जात नव्हता, म्हणून त्या खपल्या.

या कथांत दोष नाहीत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. नायकाचा मत्सर हीच प्रेमाची खूण, त्याची दांडगाई हेच पौरुष, असा समज अशा कथा पुष्कळदा पसरवतात. विवाहाच्या शिबिरास येणारी एखादी मुलगी आम्हांला कौतुकाने सांगते की तिचा भावी पती तिला कोणाशी बोलू देत नाही, इतके त्याचे तिच्यावर प्रेम आहे! तेव्हा आम्हांला काळजी वाटते. या कथांत सासूचे आजारपण नसते, थकलेला हप्ता नसतो, मूल न होण्याचे दुःख नसते. सेन्सॉर गेल्यानंतर कोरिनबाईंनी आदा मिलर या टोपणनावाने उघड शृंगारिक कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांची भलामण आम्ही करू शकत नाही. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे या कथा वेदीपाशी थांबतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' या बोधपत्रात नेमका हाच इशारा दिला होता. विवाहविधी हा प्रवासाचा शेवट आहे, असे वधूवरांनी समजू नये, असे त्यांचे सांगणे होते. घरात विनंती, आभार आणि क्षमा या तीन शब्दांचा वापर व्हावा, असा त्यांचा आग्रह असे. 'जेवलीस का' हा प्रश्न त्याच कुळातला आहे.

परंतु शेवटच्या पानानंतर काय येते, हे कोरिनबाईंना ठाऊक नव्हते, असे कोणी समजू नये. १९५९ साली त्यांचा विवाह झाला. दोन मुले झाली. काही वर्षांतच पतिपत्नी विभक्त झाले. त्या काळी स्पेनमध्ये घटस्फोटाचा कायदा नव्हता. तो १९८१ साली आला. हजारो कथांतील हजारो जोडप्यांना वेदीपाशी सुखरूप पोचवणारी ही स्त्री स्वतः पदरात दोन मुले घेऊन एकटी उरली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टंकलेखन यंत्रापुढे बसली. आठवड्याची कादंबरी आठवड्यालाच द्यावयाची होती. शेवट गोड करावयाचा होता.

यावर उपहास करणे सोपे आहे. जिला स्वतःचा संसार टिकवता आला नाही, तिने जगाला संसारसुखाची स्वप्ने विकली, असे म्हणणारे म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. ज्या दिवशी आमचे स्वतःचे मन उद्विग्न असते, त्या दिवशीही आम्ही वेदीपुढे उभे राहून लोकांना प्रभूची शांती देतो. ती शांती आमची नसते. ती देण्याचे काम आमचे असते. रात्रभर स्वतःच्या लेकराच्या चिंतेने जागलेली परिचारिका सकाळी दुसऱ्यांच्या लेकरांना हसून औषध पाजते. तिला कोणी दांभिक म्हणत नाही. कोरिनबाईंनी आपल्या दुःखाचे भांडवल केले नाही, वाचकांवर त्याचा भार टाकला नाही. लिहिले आणि मुले वाढवली. घामाने भाकरी मिळवण्याचा जो नियम उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितला आहे, तो त्यांनी टंकलेखन यंत्रावर पाळला.

साहित्यिकांनी त्यांना उशिरा का होईना, ओळखले. १९८१ साली मारिओ व्हार्गास योसा यांनी आपल्या दूरदर्शन कार्यक्रमासाठी त्यांची मुलाखत घेतली. पुढे २०१० साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या कादंबरीकाराला, ज्यांच्या घरात दुसरे पुस्तक येत नाही अशांच्या घरात या बाई कशा पोचल्या, याचे कुतूहल होते. ब्रुगेरा ही प्रकाशनसंस्था १९८६ साली बुडाली, परंतु बाईंचे लेखन चालूच राहिले. १९९५ पासून मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना डायलिसिसवर जगावे लागले. आपल्या धर्मग्रामांत डायलिसिससाठी आठवड्यातून तीन वेळा रुग्णालयाच्या फेऱ्या करणारी माणसे आहेत. त्यांना विचारावे, त्या दिवशी अंगात किती त्राण उरते. हातांनी लिहिणे जमेनासे झाले, तेव्हा कोरिनबाई कथा तोंडी सांगू लागल्या आणि त्यांची सून त्या उतरवून घेऊ लागली. सासू सांगते आहे आणि सून लिहिते आहे! त्यांच्या कोणत्याही कादंबरीत नसेल असे हे दृश्य त्यांच्या घरात घडत होते. शेवटच्या पानानंतरचे प्रेम आम्हांला विचाराल, तर ते असे दिसते. त्याला मुखपृष्ठ नसते.

११ एप्रिल २००९ रोजी हिहोन येथे त्यांनी देह ठेवला. तो पवित्र शनिवार होता. उपासनेच्या वर्षातील हा सर्वांत निःशब्द दिवस. वेदी उघडी असते, पवित्र मिस्सा होत नाही, प्रभू कबरेत असतो. शुक्रवारचे दुःख घडून गेलेले आणि रविवारचा आनंद अजून उगवायचा. किती तरी संसार, किती तरी माणसे आयुष्यभर या शनिवारातच जगतात. कथेचा शेवट गोड होईल, हा विश्वास धरून ती माणसे स्वयंपाक करतात, गाडी पकडतात, आजाऱ्याला कूस बदलवतात. गोड शेवटाची आस हा भाबडेपणा आहे, असे विद्वानांनी खुशाल म्हणावे. आम्हां ख्रिस्ती लोकांना तसे म्हणता येणार नाही, कारण आमची सारी श्रद्धाच त्या आशेवर उभी आहे.

म्हणून आमची धर्मग्रामातील कुटुंबांना विनंती आहे. घरातील कोणाच्या हातातून अशी कादंबरी हिसकावून घेऊ नका आणि ती वाचणारीला हसू नका. धर्मग्रामाच्या वाचनालयात संतचरित्रांशेजारी चांगल्या प्रेमकथांनाही एखादा कप्पा असू द्या, म्हणजे पदराखाली लपवण्याची पाळी येणार नाही. मुलींना वाचू द्या; आणि वाचून झाल्यावर त्या नायकाविषयी त्यांच्याशी बोला. तो आजारी पडला तर कसा वागेल, नोकरी गेली तर कसा वागेल, नायिकेची आई अंथरुणाला खिळली तर काय करील, हे त्यांना विचारा. लेखिकेने जे लिहिले नाही, ते जेवणाच्या पाटावर बसून घरच्यांनी मिळून पुरे करावे. आणि पतींनाही आमचे सांगणे आहे. पत्नीच्या उशाशी असलेले पुस्तक एकदा स्वतः वाचून पाहा. फार वेळ लागणार नाही, शंभरेक पानेच असतात. ते नावडले तरी चालेल. मात्र पुस्तक मिटल्यावर स्वयंपाकघरात जाऊन, ती जेवली आहे की नाही, एवढे तिला विचारा.